बेदाण्यांची तक्रार

१४ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईसाहेबांच्या सेवेसी, शास्त्रीबुवांचे कृतानेक नमस्कार.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. आईने पाठवलेला अधिवेशनाचा पाव शुक्रवारी सकाळी पोचला. नियमाप्रमाणे मी माझा तुकडा रविवारी, शेवटच्या प्रार्थनेनंतर उघडला. आत बेदाणे निघाले चार. पैकी एक अर्धाच. म्हणजे साडेतीन. हे अनुमान नव्हे. चष्मा लावून, सुरीच्या टोकाने उकरून मिळवलेलं प्रत्यक्ष प्रमाण आहे. गेल्या वर्षी सात होते. या गतीने माझ्या निवृत्तीपर्यंत बेदाणे ही केवळ श्रद्धेची बाब होऊन बसेल. सव्वीस वर्षं पोरांच्या डोक्यात विभक्ती घालणाऱ्या माणसाच्या पदरी साडेतीन! आईला हे माझ्याच शब्दांत वाचून दाखव. सौम्य करू नकोस.

रविवारी संध्याकाळी ही तक्रार लिहायला बसलो, तर चर्चच्या अधिवेशनासाठी आमच्याकडे उतरलेले नवे पाळक कुतूहलाने विचारायला लागले. आईला तक्रारीचं पत्र, तेही उपासनेहून आल्या आल्या? मग सगळं सांगत बसलो. आमच्या वडिलांचा दंडक होता की स्तुती करायची ती देवाची. स्वयंपाकाची करायची ती तक्रार. अधिवेशनाच्या आठवड्यात आई एकच मोठा गोड पाव भाजते, माणशी एक तुकडा कापते, जो घरी नसेल त्याला टपालाने धाडते. आणि ज्याची तक्रार येईल त्याने खाल्ला, असं ती धरते. तक्रार हीच पोच. पाळक म्हणाले, फार सुंदर प्रथा आहे. मी म्हटलं, तुम्हाला साडेतीन मिळाले असते म्हणजे कळलं असतं.

यंदा अधिवेशन आमच्या गावात, तेव्हा पाहुणे आमच्या घरात: पाळक, त्यांच्या पत्नी आणि ऑर्गन वाजवणारे एक आजोबा. आजोबांना ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांचा ऑर्गन निर्भय असतो. शनिवारी सकाळचं मनन माझ्याकडे होतं. विषय आदरातिथ्य. ज्याच्या येण्याला तिथी नाही तो अतिथी, इथून सुरुवात केली आणि अर्धा तास बोललो. दोन बायका रडल्या. आजोबा झोपले होते, पण योग्य जागी मान हलवत होते.

बारक्याचा तुकडाही माझ्याच पत्त्यावर आला आहे. त्याच्या खोल्या बदलत असतात, हे आईने बरं लक्षात ठेवलं. पोचता करतो.

तुझा,
शास्त्री

---

२२ ऑक्टोबर

शास्त्रीबुवा,

तक्रार पोचली. आईला दोनदा वाचून दाखवली. ‘साडेतीन’ ऐकून ती एवढी हसली की कवळी काढून ठेवावी लागली. म्हणाली, त्याला कळव, उरलेला अर्धा मी खाल्ला.

आता माझी तक्रार ऐक. तुला चार वेळा फोन केला. दर वेळी तुझा तास चालू. संध्याकाळी आठला कुठली शाळा भरते रे? फोन उचलत नाहीस आणि पत्र मात्र दोन-दोन पानं लिहितोस. लहानपणी काच फुटली की तू असाच निबंध लिहायला बसायचास.

बारक्याची तक्रार अजून आलेली नाही. बाकी सगळ्यांची आली. माझ्या लेकीने तर तीन ओळींत आटोपली: ‘कडा कडक, दात हलला, आजीला सलाम.’ आई रोज टपालवाल्याला विचारते. तो बिचारा आता लांबूनच हात हलवतो.

यंदा तिला बारक्याच्याच पत्राची घाई का, ते मला कळत नाही. गुडघ्यामुळे स्टुलावर बसूनच पीठ मळलं. सगळ्यांचं मळेपर्यंत मी शेजारी होते. मग म्हणाली, आता तू बाहेर जा, तुझे गणवेश शिव. तासभर दार लोटून आत होती. बारक्याचं पुडकं स्वतः बांधलं, दोरा स्वतः गुंडाळला, मला हात लावू दिला नाही. विचारलं तर गालात हसते. म्हणते, त्याचं पत्र येऊ दे.

तुझ्यापासून तो चार गल्ल्यांवर राहतो. जा, त्याच्या हातात पेन दे आणि लिहून घे.

ताई

---

२९ ऑक्टोबर

आई,

मी बारक्या. अक्षर शास्त्रीबुवांचं आहे, कारण थिनरने माझ्या उजव्या हाताची साल गेली आहे आणि डॉक्टरने पट्टी बांधून ठेवली आहे. काळजी करू नकोस. पाट्या रंगवणाऱ्याचे हात असेच असतात.

पाव मिळाला. तक्रार सालाबादची: बेदाणे जास्त! अगं, तीस वर्षं सांगतोय, मला तोंडात ती मऊ गोळी आली की अंगावर काटा येतो. उकरून उकरून काढले तर ढीग पावापेक्षा मोठा झाला. शास्त्रीबुवांना साडेतीन आणि मला हा डोंगर! त्यांना म्हटलं घ्या, तर म्हणतात, उष्टं चालत नाही. शिवाय खालून थोडा करपला होता. मधे बरा होता. हे शेवटचं वाक्य तक्रारीत धरू नकोस, नाहीतर वडील वरून ओरडतील.

गुडघ्याला जप. ताईला म्हणावं, मशीनवर वाकून बसू नकोस, कुबड येईल.

तुझा,
बारक्या

---

७ नोव्हेंबर

शास्त्री,

तुझं पत्र पोचलं. तुझंच म्हणते आहे, कळलं ना?

आईने मला मोठ्याने वाचायला लावलं. हाताची साल गेली हे ऐकून ‘अरे देवा’ म्हणाली. मग मी बेदाण्यांपाशी आले. ढीग पावापेक्षा मोठा, तिथवर वाचलं आणि वर बघितलं. आई हसत नव्हती. म्हणाली, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. मग तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी केली आणि उशीखाली ठेवलं. म्हणाली, ‘त्याने खाल्ला नाही.’

मी म्हटलं, अगं, लिहिलंय ना.

‘त्याच्या पावात बेदाणे नव्हते,’ ती म्हणाली. ‘एकसुद्धा नव्हता.’

तेवढ्यासाठी मला बाहेर काढलं होतं. त्याच्यासाठी वेगळा छोटा पाव भाजला होता तिने. तीस वर्षं तो ओरडला आणि तीस वर्षं तिने ऐकलं नाही, कारण एकाचं ऐकलं की सगळ्यांचं ऐकावं लागतं. यंदा तिच्या मनात आलं की आता किती वेळा हातून होणार आहे? एकदा त्याच्या मनासारखा करून बघू. तो काय तक्रार करतो याचीच ती वाट बघत होती.

मी दिवसभर कपडे शिवते. जोड कितीही सफाईने दिलेला असला तरी मला दिसतो. पाव करपल्याचं तू घातलंस तेही दिसतं. आई खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली आहे.

पुडकं कुठे आहे? बारक्या कुठे आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं पाठव. संस्कृत नको.

ताई

---

१५ नोव्हेंबर

ताई,

पुडकं माझ्या कपाटावर आहे. बारक्या कुठे आहे ते मला माहीत नाही.

अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी चारच्या सुमारास घंटा वाजली. पाहुणे बैठकीच्या खोलीत चहा घेत होते. ही आत चहाबरोबरचा बाजारचा पाव कापत होती. मी दार उघडलं तर बारक्या. खांद्याला रंगाची पेटी, सदऱ्याची बटणं एक घर चुकून लावलेली, आणि दारूचा वास. तो वास तुला सांगायला नको.

मी उंबऱ्याबाहेर जाऊन दार पाठीमागे ओढून घेतलं.

म्हणाला, ‘शास्त्रीबुवा, पाव आला का?’

मी म्हटलं, ‘आलाय. पण आज नको. घरात पाहुणे आहेत. सोमवारी ये.’

‘आत येतच नाही. इथेच दे, पायरीवर बसून खातो.’

आता माझं चातुर्य ऐक. मी म्हटलं, ‘आईचा नियम ठाऊक आहे ना? रविवारी, शेवटच्या प्रार्थनेनंतर. त्याआधी दोरा सोडायचा नाही.’

तो हसला. त्याचं ते हसणं, लहानपणी मार खाण्याआधी हसायचा तसं. म्हणाला, ‘बरं. मग तक्रार तूच लिहून टाक. बेदाणे जास्त होते म्हणावं.’ पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि जिना उतरला.

म्हणजे ते वाक्य मी रचलेलं नव्हतं. त्याने दिलेला निरोप होता. करपल्याचं तेवढं माझं. पण एवढ्यावर स्वतःला सोडवून घेण्याइतका मी अजून पंडित झालेलो नाही.

आत आलो तर पाळकांच्या पत्नींनी सहज विचारलं, ‘कोण होतं?’

मी म्हटलं, ‘पाट्या रंगवणारा. काम मागायला आला होता.’

ताई, यातला शब्दन् शब्द एक वेळ खरा धरता येतो. तो पाट्या रंगवतो. त्याला काम हवंच असतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्यासपीठावर उभा राहून सांगितलं की तिथी न कळवता जो येतो त्याच्या पावलांनी देव येतो.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारी त्याच्या खोलीवर गेलो. घरमालकीण म्हणाली, सप्टेंबरातच सोडली. चार गल्ल्यांवर राहणाऱ्या भावाने खोली सोडल्याचं मला महिनाभर ठाऊक नव्हतं. रंगाच्या दुकानांत विचारलं. तिथले म्हणतात, आता पाट्या छापून मिळतात, हाताने कोण लिहून घेतो? बसस्थानक झालं. पोलिसांत नोंद केली. सरकारी दवाखान्याचे दोन्ही मजले, एकेक खाट बघितली. शेवटी तळघरात गेलो. तिथला माणूस खण ओढून दाखवतो. तीन दाखवले. तिसऱ्याला मी डोळे मिटून घेतले, तर शांतपणे म्हणाला, ‘मास्तर, डोळे मिटून ओळख कशी पटायची?’ उघडले. तो नव्हता.

तुझं पत्र वाचलं आणि पुडकं खाली काढलं. प्रत्यक्ष प्रमाणाची सवय. पाव हिरवा पडला होता. मी तो चिरून बघितला. बेदाणा खरोखरच नाही. कागदाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने, आईच्या त्या थरथरत्या अक्षरात, एक ओळ आहे: ‘आता कर तक्रार, बघू.’

ही सगळं ऐकून उठून आत गेली. त्या दिवसापासून मला वेळेवर जेवायला वाढते. बोलत नाही.

आईला किती सांगायचं ते तू ठरव.

शास्त्री

---

२० नोव्हेंबर

शास्त्री,

सगळं सांगितलं. आईपासून काय लपवणार? बेदाण्याएवढं लपवायला गेलास आणि काय झालं ते बघितलंस ना?

तुला शिव्या घालायच्या म्हणून मी कागद घेतला होता. घालवत नाहीत. दोन वर्षांपूर्वी तो इथे आला होता. दुकानात गिऱ्हाईक होतं. तो बाहेर उभा राहिला, मी मशीन थांबवलं नाही. तासाभराने बघितलं तर गेला होता. मी घरी कुणाला बोलले नाही. आता तुला सांगितलं. आईला तेही सांगितलं.

आईने सगळं शांतपणे ऐकलं. मला वाटलं रडेल, प्रार्थना करू म्हणेल. तिने एकच विचारलं: ‘दारात आला तेव्हा त्याचं जेवण झालं होतं का?’ मी म्हटलं, मला कसं ठाऊक असणार? तर म्हणाली, शास्त्र्याला विचार.

तेव्हा विचारते आहे.

काल सकाळी तिने ओव्हन तापवायला सांगितला. अधिवेशन नाही, काही नाही. पीठ स्वतः मळलं, मधे दोनदा दम लागला. एकच छोटा पाव. सोबतच्या पुडक्यात आहे. तिचा निरोप जसाच्या तसा लिहिते: ‘हा कपाटावर ठेवायचा नाही. पिशवीत घालून रोज बरोबर न्यायचा. भेटेल तिथे द्यायचा. वार बघायचा नाही.’

खराब झाला तर कळव, दुसरा करीन म्हणते. तिचे हात बघतोस ना तू? बघितलेस का शेवटचे कधी?

ताई

---

३० नोव्हेंबर

ताई,

आईच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. त्याचं जेवण झालं नव्हतं. मला त्याच क्षणी दिसलं होतं. पायरीवर बसून गोड पाव खातो असं पन्नाशीला टेकलेला माणूस सुखासुखी म्हणत नाही. सदरा अंगावर टांगल्यासारखा होता. आईला हे असंच सांग. माझ्या बाजूचं काही जोडू नकोस.

पाव पिशवीत असतो. एका बाजूला नववीच्या वह्या, एका बाजूला तो. शिक्षकांच्या खोलीत गणिताचे मास्तर म्हणाले, शास्त्रीबुवा, तुमच्या व्याकरणाला हल्ली लोण्याचा वास येतो. मीही हसलो. शाळा सुटली की रोज एक रस्ता घेतो, दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत जातो. आयुष्यभर पोथ्या वाचल्या. गावाच्या भिंती आता वाचतो आहे. निम्म्या अशुद्ध आहेत.

गुरुवारी नदीच्या पुलाकडे एका सायकलदुरुस्तीच्या दुकानावर पाटी दिसली. ‘येथे उभे राहून वेळ घालवू नये.’ त्याचा ‘ळ’ मी कुठेही ओळखीन. दोन पोटं सारखी गरगरीत, आणि शेवटी शेपटीला उगाच एक झोका. रंग ताजा होता. बोट लावून बघितलं.

दुकानदार म्हणाला, ‘आठवडा झाला असेल. अक्षर झकास आहे ना? पैसे नको म्हणाला. जेवायला घाला म्हणाला. आम्ही सगळे एकत्रच बसलो.’

मी विचारलं, कुठे राहतो काही बोलला?

‘मी विचारलं होतं. इकडे तुझं कुणी आहे का, म्हटलं. तर म्हणाला, गावातच मोठा भाऊ आहे, विद्वान माणूस आहे. पण त्याच्याकडे पाहुणे आहेत.’

एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूल ओलांडून पलीकडे गेला. पलीकडे तीन रस्ते फुटतात. मी एकावरून जाऊन आलो. उद्या दुसरा.

आईला सांग, आठवड्यापूर्वी तो जिवंत होता आणि एका घरी पोटभर जेवला. सांग की दुसरा पाव अजून बरा आहे. मात्र कडा सुटायला लागल्या आहेत, तेव्हा पुढचा पाठवलास तर चालेल. ही काल माझ्याशी बोलली. म्हणाली, पिशवीत पाण्याची बाटली पण ठेवा, कोरडा पाव घशात अडकतो. दोन-अडीच आठवड्यांतलं पहिलं वाक्य.

चर्चच्या मंडळीत सगळे धीर देतात. पाळकांनी पत्र लिहिलं. त्यांना मी आता खरं कळवलं आहे, की तो पाट्या रंगवणारा माझा सख्खा भाऊ होता. सगळ्यांना वाटतं, मला काळजी आहे ती तो सापडेल की नाही याची. ती आहेच, ताई. पण खरी गोष्ट वेगळी आहे आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

परवा संध्याकाळी घंटा वाजली. शाळेचे मुख्याध्यापक येऊन बसले होते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं की बारक्या आला. आणि उठताना मी दाराकडे बघितलं नाही. आधी बैठकीच्या खोलीकडे बघितलं, कोण बसलंय ते. दारात दूधवाला होता. पण माझी नजर आधी तिकडे गेली, एवढं सगळं झाल्यावरसुद्धा.

तो परत आला, तसाच, त्याच वासासकट, आणि घरात चार माणसं असली, तर मी काय करीन ते मला माहीत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

शास्त्री